तीन पानांची वेल आणि तिची भावकी

धाकट्या, आधी तो हात खाजवणं थांबव. गार पाण्यात रुमाल पिळून मनगटावर ठेव. हं, असा. आता सगळे जवळ बसा, म्हणजे परवा कुंपणापलीकडे चेंडू शोधताना ह्याच्या हाताला काय लागलं ते सांगतो. तुमच्या न्यू जर्सीत रानाच्या कडेला, मैदानाच्या टोकाला, जुन्या भिंतीच्या आडोशाला, म्हणजे जिथे ऊन आणि सावलीची हद्द असते तिथे ती हटकून सापडते. पॉयझन आयव्ही. कधी जमिनीवर सरपटते, कधी झुडूप होऊन राहते, आणि झाड मिळालं की केसाळ मुळ्यांनी खोड धरून पार उंच चढते. कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवर हिची बहीण असते, पॉयझन ओक. तिची पानं ओकसारखी कातरलेली, पण गुण तोच.

ओळखायची कशी? पळसाला पानं तीन, हे माझ्या तोंडून तुम्ही किती वेळा ऐकलंय. हिलाही तीनच. पण तेवढ्यावर जाऊ नका, तीन पानांची झाडं पुष्कळ आहेत. नीट बघा. मधल्या पानाला लांब देठ असतो, बाजूची दोन मात्र जवळजवळ चिकटून बसतात. त्या दोघांची बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा रुंद असते आणि कधी कधी तिथे अंगठ्यासारखा कोपरा निघतो. पानं फांदीवर समोरासमोर येत नाहीत, एक इकडे तर पुढचं तिकडे. वसंतात तांबूस आणि तुकतुकीत, उन्हाळ्यात हिरवीगार, आणि ऑक्टोबरात अशी लालभडक की वहीत ठेवायला तोडावीशी वाटतात. फळं बारीक, पांढुरकी, झुबक्यांनी लागतात. पाच पानांची वेल दिसली तर ती व्हर्जिनिया क्रीपर, ती वेगळी.

जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज कप्तानाने 1624 साली छापलेल्या पुस्तकात ह्या वेलीचं वर्णन केलंय. हात लागला की अंग लाल होतं, खाज सुटते, फोड येतात आणि काही दिवसांनी आपोआप बरं होतं, असं त्याने लिहून ठेवलं. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाने किती नेमकं पाहिलं होतं बघा!

ताई विचारतेय, ही खाजकुइलीसारखी आहे का? नाही गं. खाजकुइलीला बारीक कुसळं असतात, ती अंगात रुततात. हिला काटा नाही, कूस नाही. अख्ख्या, न दुखावलेल्या पानावर सहसा काही नसतं. पान मोडलं, पायाखाली चिरडलं, किड्याने कुरतडलं की आतला चीक बाहेर येतो, आणि त्या चिकात एक तेल असतं, उरुशिऑल. सगळी करामत त्या तेलाची. मिठाच्या कणाहून कमी तेलही बहुतेकांना पुरतं.

काल अंगणात मी काय केलं, आठवतंय ना? जाड हातमोजे घातले, एक पान चिमट्याने उचलून पांढऱ्या कागदाच्या घडीत ठेवलं आणि वरून दगडाने ठेचलं. कागद उलगडला तेव्हा नुसता ओला, हिरवट डाग होता. तुम्ही कंटाळून पळालात. परत आलात तेव्हा डागाच्या कडा तपकिरी झाल्या होत्या, आणि थोड्या वेळाने तो मधोमध शाईसारखा काळा पडला. हवा लागली की उरुशिऑल काळं होतं आणि घट्ट बसतं. जपानी कारागीर ह्याच घराण्यातल्या एका झाडाला चिरा पाडून चीक काढतात आणि लाकडी वाट्या, पेट्यांवर त्याचे पातळ थर चढवतात. तो थर वाळला की शेकडो वर्षं टिकतो. त्या चिकातलं उरुशिऑल कसं बनलेलं असतं ते रिको माजिमा ह्या जपानी रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलगडून दाखवलं.

असाच काळा डाग मी लहानपणी आपल्या गावी पाहिलाय, बिब्ब्याचा. बिब्ब्याच्या काळ्या फळात सुई टोचायची, तिच्या टोकाला आलेल्या रसाने धोतराच्या कोपऱ्यावर खूण करायची, वर चुना लावायचा. कापड विरलं तरी खूण जात नसे. धोबी लोक कपडे ओळखण्यासाठी हेच करत. आता गंमत ऐका. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक हिंदुस्थानात आले. त्यांचे कपडे धोब्याकडे गेले, बिब्ब्याच्या खुणा घेऊन परत आले, आणि जिथे खूण अंगाला लागे नेमकं तिथेच, मानेवर, कमरेवर, खाजरे चट्टे उठू लागले. 1943 साली अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेख आला. बिब्बा आणि पॉयझन आयव्ही एकाच कुळातले, दोघांची तेलं सख्खी भावंडं. वेलीने ज्यांचं अंग आधीच चिडवून ठेवलंय, त्यांचं अंग बिब्ब्यालाही तसंच चिडतं.

आणि ते कूळ कोणतं? आंब्याचं! आंबा, काजू, बिब्बा, ही वेल, सगळे एका भावकीतले. हापूसच्या देठाशी येणारा चीक ओठाला लागला तर कसं चुरचुरतं! काजूच्या टरफलातलं तेल तर कोकणात विचारूच नका, हाताची कातडी सोलून निघते. म्हणून धाकट्या, पुढच्या मे महिन्यात आंबा मी सोलून देईन, तू फक्त गर खा. साल आणि देठाकडचा भाग चोखायचा नाही.

आता ह्यातली सगळ्यात नवलाची गोष्ट. तेल ॲसिडसारखं जाळत नाही. लढाई करतं ते आपलंच अंग! तेल काही मिनिटांत कातडीत मुरतं आणि तिथल्या प्रथिनांना चिकटतं. कातडीत फांद्या फुटलेल्या पेशी असतात, लँगरहान्स पेशी. पॉल लँगरहान्स ह्या जर्मन तरुणाने त्या 1868 साली पाहिल्या तेव्हा तो विद्यार्थीच होता, आणि त्याला त्या मज्जातंतूंच्या वाटल्या. त्यांचं खरं काम पुढच्या पिढ्यांना कळलं. गावच्या वेशीवरच्या जागल्यासारख्या त्या राखण करतात. अनोळखी काही दिसलं की त्याची खूण घेऊन लसिकाग्रंथींकडे जातात. तिथे टी पेशी ती खूण लक्षात ठेवतात. पहिल्या खेपेला हे शिक्षण चालू असतं, म्हणून पुष्कळांना काहीच होत नाही, किंवा आठवड्या-दोन आठवड्यांनी पुरळ येतं. पुढच्या खेपेला मात्र टी पेशी तयारच असतात आणि एक-दोन दिवसांत ती जागा सुजते, फोड येतात. हरणं आणि बकऱ्या हीच पानं मजेत खातात, पक्षी फळं खाऊन बिया दूरवर नेतात. वेलीचं आपल्याशी काही वैर नाही रे. आपलंच अंग तिला शत्रू समजतं.

एवढं कळलं की कोणता उपाय खरा आणि कोणता फुकाचा, हे तुमचं तुम्हालाच कळेल. तेल मुरण्याआधीचे उपाय वेगळे आणि पुरळ उठल्यावरचे वेगळे.

आधीच्यांत पहिला मान साबणाचा. हात लागल्याचं कळलं की लगेच धुवायचं, पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत धुतलं तर उत्तम. भांड्यांचा साबण चालतो, कारण तो तेल धरतो. फडक्याने घासून, नखांखालून काढून, भरपूर वाहत्या पाण्याखाली धुवायचं. नुसतं पाणी ओतून भागत नाही.

इथल्या मूळनिवासी लोकांनी ओढ्याकाठच्या एका झुडपाचा रस वापरला, ज्युएलवीड त्याचं नाव. ते आपल्या तेरड्याच्या जातीचं. नारिंगी फुलं, पाणीदार देठ आणि बोट लावलं की फटकन फुटणाऱ्या शेंगा. वेलीशेजारीच उगवतं, म्हणून लोक म्हणतात की विषाजवळ उतारा असतो. 2012 साली ह्याची नीट तपासणी झाली, आणि त्यात आपला बागेतला तेरडाही होता. मेंदीतलं रंगद्रव्य तेरड्यातही असतं, त्यामुळेच गुण येतो असं आधी मानत होते. तसं निघालं नाही. ताज्या झाडाचा ठेचा मात्र उपयोगी पडला, आणि साधा साबण त्याहूनही सरस ठरला. ह्यात मला जुन्या लोकांचं फार कौतुक वाटतं. रानात साबण नव्हता, तेव्हा धुऊन काढणारं झुडूप त्यांनी बरोब्बर शोधलं.

आपल्याकडे बिब्बा हाताळणारे आधी हाताला तेल चोपडतात, काजू सोलणाऱ्या बायकाही तेच करतात. आडोसा आधी करायचा, ही कल्पना अमेरिकेतही पटली. 1996 साली एका चिकणमातीपासून केलेल्या लोशनला सरकारी मान्यता मिळाली. पण चीक लागून गेल्यावर वरून तेल चोळत बसू नका, त्याने तो पसरेल. आधी साबण.

बिब्बा उतला की आजी तीळ किंवा ओलं खोबरं वाटून लेप लावायची. त्याने कोरडी, ताणलेली कातडी नरम पडते, आराम वाटतो. इथे लोक ओट्सचं बारीक पीठ कोमट पाण्यात घालून त्यात बसतात, कॅलामाइन लावतात, खाण्याच्या सोड्याचा लेप देतात. हे सगळं खाज शमवतं, पण पुरळ आपल्या गतीनेच जातं, दोन-तीन आठवडे घेतं. ब्लीच, रॉकेल, पेट्रोल असलं काही कातडीला लावायचं नाही. आणि पानं खाल्ली की अंगाला सवय होते, असं म्हणणारेही भेटतात. अजिबात ऐकू नका. तोंड आणि घसा सुजून जिवावर बेतेल.

आणि हो, ताई, भावाजवळ बस खुशाल. फोडातल्या पाण्यात ते तेल नसतं, त्यामुळे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. आज इथे, उद्या तिथे पुरळ उठतं ते कातडी कुठे पातळ, कुठे जाड आणि तेल कुठे कमी-जास्त लागलं ह्यामुळे. पण त्याचे बूट, चेंडू आणि कुत्र्याचा पट्टा अजून धुतलेले नाहीत. त्यावरचं तेल वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं. आज संध्याकाळी हातमोजे घालून मी ते साबणाने धुणार आहे. कुत्र्यालाही आंघोळ घालायची. त्याला काही होत नाही, पण त्याच्या केसांवरून ते तेल आपल्याला लागतं.

ही वेल कमी होत नाहीये, उलट माजतेय. हवेतल्या वाढत्या कार्बन डायऑक्साइडने काय होतं ते पाहायला नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक विद्यापीठाच्या जंगलात शास्त्रज्ञांनी काही वर्षं तो हवेत जास्तीचा सोडला. 2006 साली निष्कर्ष छापले. तिथली वेल दुपटीहून जास्त वेगाने वाढली आणि तिचं तेलही अधिक जहाल झालं. म्हणून पानांची ओळख तुम्हाला पक्की हवी.

हिवाळ्यात पानं गळतात, तेव्हाही तिच्यापासून जपा. खोडावर केसाळ दोरासारखी वेल दिसली तर तिला हात लावायचा नाही, आणि ती चिकटलेली लाकडं शेकोटीत घालायची नाहीत. धुराबरोबर तेल छातीत जातं, आणि तिथे साबण पोचत नाही. डोळे सुजले, तोंडावर फोड आले, श्वास लागला तर कोणत्याही लेपाची वाट न पाहता डॉक्टरकडे जायचं.