स्वस्त दुकानातली डाळ का शिजत नाही?

वसई रोड स्थानकावर पूर्वेला उतरून रिक्षा केली की थोड्याच वेळात एव्हरशाईन सिटी येते. इमारतींच्या रांगाच रांगा, आणि त्यांत राहणारी बरीचशी माणसे सकाळच्या लोकलने मुंबई गाठणारी. महिन्याच्या पहिल्या रविवारी येथे रिक्षांतून भरलेल्या पिशव्या उतरताना दिसतात. डिस्काउंटच्या मोठ्या दुकानातून महिन्याचा किराणा आलेला असतो. मग संध्याकाळी जिन्यात नेहमीचा वाद रंगतो.

"अहो, किलोमागे आठ-दहा रुपये वाचतात. महिन्याचा हिशेब करा म्हणजे कळेल!"

"वाचतात हो, पण ती डाळ शिजते कुठे? चार शिट्ट्या झाल्या तरी कण तसाच. आमचा वाणीच बरा."

हा वाद तुम्हीही ऐकला असेल. तो केवळ चवीचा नाही. ज्या घरात एकट्याच्या पगारावर पाच माणसे जेवतात, तेथे किलोमागचे दहा रुपये ही लहान गोष्ट नव्हे; आणि डाळ हेच ज्या घरातले प्रथिनांचे मुख्य साधन आहे, तेथे ती निकृष्ट निघणे हीही लहान गोष्ट नव्हे. तेव्हा दोन्ही शेजारणींचे म्हणणे आपण जरा तपासून पाहू.

पहिला प्रश्न असा, की एखादे दुकान माल स्वस्त देते ते कशाच्या जोरावर? "माल हलका असणार, दुसरे काय?" असे उत्तर चटकन सुचते. पण किमतीत केवळ मालाची किंमत नसते. दुकानाचे भाडे, उधारी, वाहतूक, नोकरांचे पगार, न खपलेल्या मालाची नुकसानी आणि मधल्या हातांचा नफा हे सारे तिच्यात मिसळलेले असते. यांतील एखादा खर्च कमी झाला तर डाळीच्या दाण्याला हात न लावता किंमत उतरते.

आपल्याकडे ही युक्ती नवी नाही. १९४८ साली मुंबईच्या नायगाव भागात कामगारांच्या सहकारातून 'अपना बाजार' उभा राहिला. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानच काढले नाही. सभासदांचे गट करायचे, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, माल घाऊक घ्यायचा आणि गटात वाटून घ्यायचा, अशी तिची पद्धत आहे. दुकान नाही म्हणजे गाळ्याचे भाडे नाही, आणि मागणी आधीच ठरलेली असल्यामुळे माल पडून राहत नाही. २००२ साली पवईत 'डी-मार्ट'चे पहिले दुकान निघाले, त्यामागचा विचारही असाच होता: जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची घ्यायची, पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करायचे, नफा थोडा ठेवायचा आणि खप वाढवायचा. तिकडे जर्मनीत आल्डी या दुकानांनी मोजक्याच वस्तू ठेवून आणि त्या खोक्यांसकट मांडून हेच साधले. तेथे श्टिफटुंग वारेनटेस्ट नावाची संस्था १९६४ पासून बाजारातील वस्तू प्रयोगशाळेत तपासते. तिच्या चाचण्यांत अशा दुकानांतील स्वस्त पदार्थ अनेकदा महागड्या नावांच्या बरोबरीने उतरले आहेत.

या व्यवहाराचा एक फायदा दर्जालाही होतो. ज्या दुकानातील साठा महिन्याभरात संपून नवा येतो, तेथे तेल, शेंगदाणे आणि पीठ ताजे मिळण्याचा संभव अधिक. तेलातील मेदाम्लांचा हवेतील प्राणवायूशी हळूहळू संयोग होतो आणि खवट वास येतो. उजेड आणि उष्णता यांमुळे ही क्रिया जोर धरते. काचेच्या बरणीत उन्हाजवळ मांडलेले शेंगदाणे दिसायला सुरेख, पण खवट व्हायला तेच आधी. मंद खपाचे महागडे दुकान म्हणजे ताजा माल, असे समजण्याचे काही कारण नाही.

मात्र किंमत कमी होण्याची दुसरीही कारणे असतात आणि ती थेट दाण्याशी भिडतात. पहिले कारण प्रतवारी. तूरडाळीच्या घाऊक बाजारात 'फटका' आणि 'फोड' असे शब्द ऐकू येतात. फटक्यातही पुन्हा उत्तम आणि मध्यम असे भेद असतात. एकाच दुकानात एकाच दिवशी या प्रतींच्या भावांत चांगलाच फरक पडतो. तुमच्या दोन शेजारणींनी बहुधा दोन दुकानांची नव्हे, दोन प्रतींची तुलना केलेली असते! येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. तुकडा डाळ म्हणजे वाईट डाळ नव्हे. दाणा मोडला म्हणून त्यातील प्रथिने पळून जात नाहीत. तांदळाच्या कणीचेही तसेच. घावन-इडलीला कणी उत्तम, आणि ती स्वस्तही पडते.

नावाचा मामला मात्र निराळा आहे. आपल्याच पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्याचा कोलम तांदूळ प्रसिद्ध आहे, आणि २०२१ साली 'वाडा कोलम'ला भौगोलिक मानांकन मिळाले. हे नाव पाकिटावर घालायचे तर तो तांदूळ त्या भागातलाच हवा. पाकिटावर नाव मोठ्या अक्षरांत आणि भाव मात्र साध्या कोलमचा असेल, तर पाकीट उलटून मागचा बारीक मजकूर वाचावा. असा तांदूळ खाण्याला वाईट असतो असे नाही. फक्त आपण ज्याचे पैसे दिले ते तो नसतो.

दुसरे कारण कचरा. येथे तराजू घेऊन बसावे लागते. समजा, एक डाळ १६० रुपये किलो आहे आणि दुसरी १५२ रुपये. दोन्हींतील १००-१०० ग्रॅम डाळ ताटात पसरून निवडा. खडे, माती, साले, किडके आणि काळे पडलेले दाणे बाजूला काढा आणि त्यांचे वजन करा. पहिलीत १ ग्रॅम निघाले आणि दुसरीत ७ ग्रॅम, तर पहिलीचा खरा भाव १६० ला ९९ ने भागून १०० ने गुणले म्हणजे सुमारे १६१ रुपये ६० पैसे होतो. दुसरीचा १५२ ला ९३ ने भागून १०० ने गुणले की सुमारे १६३ रुपये ४० पैसे. म्हणजे स्वस्त डाळ महाग पडली! उलट कचरा दोन्हींत सारखाच निघाला, तर आठ रुपये खरोखरच वाचले. गणिताच्या तासाला हा प्रयोग करायला हरकत नाही. शाळेत रसायनशास्त्राचा तराजू असतो, तो वर्षातले बरेच दिवस कपाटातच असतो.

किडीची एक गंमत सांगतो. भुंगे दिसले की आपण डाळ चाळतो, उन्हात घालतो आणि काम झाले असे मानतो. पण कीटकांच्या विष्ठेतील यूरिक आम्ल दाण्यांवर राहून जाते. प्रयोगशाळेत ते मोजून 'या मालाला कधी काळी कीड लागली होती' हे भुंगा डोळ्यांना न दिसताही सांगता येते, आणि अन्नाच्या कायद्याने त्याला मर्यादाही घातली आहे. चकचकीत पाकिटाचे हेच एक न्यून आहे: ते आजची स्वच्छता दाखवते, मालाचा पूर्वेतिहास दाखवत नाही.

तरीही पाकिटाला एक मोठा आधार आहे, तो म्हणजे त्यावरचा मजकूर. उत्पादकाचे नाव-पत्ता, १४ अंकी परवाना क्रमांक, निव्वळ वजन आणि तारीख पाकिटावर असते. काही चुकले तर कोणाला विचारायचे, हे ठाऊक असते. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले आणि ६० हून अधिक माणसे दगावली. त्यानंतर सुट्या तेलाच्या विक्रीवर निर्बंध आले, ते याच विचाराने. स्वस्तपणापेक्षा निनावीपणा अधिक घातक असतो.

आता मूळ तक्रारीकडे येऊ. डाळ शिजत नाही ती का?

डाळीच्या दाण्यातील पेशी पेक्टिन नावाच्या पदार्थाने एकमेकींना चिकटलेल्या असतात. भिंतीत विटा चुन्याने चिकटाव्यात तशा. डाळ शिजते म्हणजे उष्णतेने हे पेक्टिन विरघळते, पेशी सुट्या होतात आणि दाणा बोटाने चिरडतो. पण पेक्टिनला कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम भेटले, की ते त्यांच्याशी बांधले जाते आणि सहजासहजी विरघळत नाही. ताज्या दाण्यात फायटेट नावाचा दुसरा पदार्थ असतो. तो या कॅल्शियमला धरून ठेवतो, पेक्टिनकडे जाऊ देत नाही. दाणा दीर्घकाळ उबदार आणि दमट हवेत पडून राहिला, की दाण्यातलेच एक विकर फायटेटचे हळूहळू तुकडे पाडते. बंदिवासातून सुटलेले कॅल्शियम पेक्टिनला जाऊन मिळते, आणि मग तुम्ही शिट्ट्या मोजत बसता. अख्ख्या कडधान्यांत, म्हणजे राजमा, वाल, चवळी यांत, हा प्रकार अधिक ठळक दिसतो. डाळीत त्या मानाने कमी, पण दिसतो.

वसईसारख्या खाडीकाठच्या दमट हवेत जुना दाणा लवकर हटवादी होतो तो यामुळेच. आणि दाणा किती जुना आहे हे पाकिटावरून कळत नाही! तेथे छापलेली तारीख पाकीट भरल्याची असते. महाराष्ट्रात तूर साधारणपणे डिसेंबर ते फेब्रुवारीत काढली जाते. ऑक्टोबरात भरलेल्या पाकिटातील डाळ गेल्या हंगामाची असेल, की त्याच्याही आधीच्या हंगामाची, हे दुकानदारालाही ठाऊक असेलच असे नाही. येथे मोठे दुकान आणि कोपऱ्यावरचा वाणी दोघेही सारखेच अंधारात.

परंतु कॅल्शियम दाण्यातूनच यायला हवे असे थोडेच आहे? ते पाण्यातूनही येते. एव्हरशाईन सिटीच्या परिसरात नळाचे पाणी कमी पडले की टँकर येतो किंवा बोअरचा पंप सुरू होतो. जमिनीत मुरलेले पाणी खडकांतून वाहताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळवून घेते. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर बसतो, आणि डाळ शिजत नाही. या पाण्याला आपण जड पाणी म्हणतो. तेव्हा पहिल्या रविवारी नवी डाळ आली आणि त्याच आठवड्यात टँकरही आला, तर गुन्हा कोणाचा? आळ बिचाऱ्या डाळीवर येतो, कारण पाण्यावर किंमत छापलेली नसते.

काहीजणी अशा वेळी चिमूटभर खायचा सोडा टाकतात. डाळ मऊ होते हे खरे, पण अल्कधर्मी पाण्यात 'ब-१' जीवनसत्त्व नष्ट होते. प्रश्न सुटतो तो डाळीच्या खर्चाने.

खरा गुन्हेगार शोधायचा असेल तर एक सोपा प्रयोग आहे. एकाच आकाराच्या चार स्टीलच्या वाट्या घ्या. दोन वाट्यांत डिस्काउंटच्या दुकानातली तूरडाळ घाला, दोन वाट्यांत वाण्याकडची, प्रत्येकी २५ ग्रॅम. डाळ निवडून आणि एकदाच धुऊन घ्यावी. भिजत घालू नये. प्रत्येक डाळीच्या एका वाटीत आर.ओ.च्या यंत्रातले किंवा पावसाचे गाळलेले पाणी १०० मिलिलिटर घाला, दुसरीत बोअरचे तितकेच. मीठ, हळद, तेल काही नको. वाट्यांवर खुणा करून चारही वाट्या एकाच कुकरमध्ये ठेवा, म्हणजे उष्णता आणि वेळ चौघींना सारखी मिळेल. नेहमीपेक्षा एक शिट्टी कमी करा. सगळीच डाळ मेण झाली तर फरक दिसणार नाही. घरातल्या मोठ्यांच्या देखरेखीखाली कुकर उघडा. प्रत्येक वाटीतील डाळ पीठ चाळायच्या चाळणीवर ओतून चमच्याने सारखीच दाबा आणि वर उरलेले अख्खे कण मोजा.

एका दुकानाच्या दोन्ही वाट्यांत कण अधिक उरले तर डाळ जुनी किंवा हलकी; ते पाकीट दुकानात परत न्यावे आणि पावती बरोबर ठेवावी. बोअरच्या पाण्याच्या दोन्ही वाट्यांत कण अधिक उरले तर दोष पाण्याचा. दुकान बदलून काही होणार नाही, शिजवायचे पाणी बदलावे. फक्त एकाच वाटीत, म्हणजे एक डाळ आणि बोअरचे पाणी यांच्या जोडीतच, कण टणक राहिले तर दोघांचा थोडा थोडा वाटा आहे. एका पाकिटावरून दुकानाचा निकाल लावू नये. पुढच्या महिन्यात नवे पाकीट आले की पुन्हा एकदा करून पाहावे आणि दोन्ही वेळचे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहावेत.

आणि चारही वाट्यांतली डाळ सारखीच कच्ची राहिली तर? मग कुकरची रबरी रिंग काढून पाहा. ती सैल झाली असेल तर वाफ बाजूने निसटते, आत दाब धरत नाही, आणि १२० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचायला हवे ते तापमान १०० च्या पुढे फारसे जातच नाही.