दक्षिण चीन समुद्रातील ‘ग्रे झोन’ दबाव आणि शेजाऱ्यांचे सहकार्य

राज्यशास्त्राच्या वर्गात युद्ध आणि शांतता या दोन स्वतंत्र अवस्था म्हणून शिकविल्या जातात. दक्षिण चीन समुद्रात मात्र या दोहोंमधला पट्टाच मोठा आहे. अभ्यासक त्याला ‘ग्रे झोन’ म्हणतात. गोळी न झाडता, पाण्याचा मारा करून, जहाजाला जहाज भिडवून, मासेमारी नौकांच्या ताफ्याने वाट अडवून आपला ताबा हळूहळू वाढवीत नेणे, असे त्याचे स्वरूप होय.

सेकंड थॉमस शोल हा प्रवाळखडक पलावान बेटापासून सुमारे १०५ सागरी मैलांवर, म्हणजे फिलिपीन्सच्या २०० मैलांच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात आहे. १९९९ मध्ये फिलिपीन्सने ‘सिएरा माद्रे’ ही जुनी युद्धनौका तेथे मुद्दाम रुतवून तिच्यावर सैनिकांची छोटी तुकडी ठेवली. २०१६ साली हेग येथील लवादाने चीनचा ‘नऊ रेषां’वर आधारलेला ऐतिहासिक हक्क अमान्य केला, चीनने निवाडा मानला नाही. १७ जून २०२४ रोजी रसद नेणाऱ्या फिलिपिनो नौकांवर चिनी तटरक्षक चाकू-कुऱ्हाडी घेऊन चालून आले. एका खलाशाचा अंगठा तुटला, पण बंदूक चालली नाही. या डावपेचाची मेख इथेच आहे. अमेरिका-फिलिपीन्स यांचा १९५१ चा संरक्षण करार सशस्त्र हल्ला झाल्यास लागू होतो. कुऱ्हाड हे शस्त्र खरे. पण एवढ्याने ‘सशस्त्र हल्ला’ झाला काय, याचा कीस काढेपर्यंत रसद अडलेली असते.

मग शेजाऱ्यांनी एकत्र यावे, हे ओघानेच आले. त्यासाठी मलाक्काच्या सामुद्रधुनीचा दाखला दिला जातो. २००४ मध्ये इंडोनेशिया, मलेशिया व सिंगापूर यांनी तेथे समन्वित गस्त सुरू केली. लंडनच्या विमा क्षेत्रातील समितीने २००५ मध्ये धोक्याच्या यादीत घातलेली ही सामुद्रधुनी २००६ मध्ये यादीतून वगळली गेली. पण हा दाखला जपूनच द्यावा. चाचे सर्वांचेच शत्रू असतात. चीन मात्र या देशांचा मोठा व्यापारी भागीदार आहे. ‘आसियान’चे निर्णय एकमताने होतात, आणि तिने चीनबरोबर केलेली २००२ ची आचार-घोषणा बंधनकारक नाही.

आपसांतील तंटे आधी मिटविणे हाच मार्ग अधिक भरवशाचा वाटतो. इंडोनेशिया व व्हिएतनाम यांनी बारा वर्षांच्या वाटाघाटींनंतर डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या आर्थिक क्षेत्रांच्या सीमेवर सहमती केली. स्प्रॅटली बेटांवर परस्परविरोधी दावे असूनही फिलिपीन्स व व्हिएतनामच्या तटरक्षक दलांनी ऑगस्ट २०२४ मध्ये मनिलाच्या उपसागरात पहिला संयुक्त सराव केला. विषय साधेच, आग विझविणे आणि शोध-बचाव. जपानने फिलिपीन्सला गस्ती जहाजे मिळवून दिली. शिवाय २०२३ पासून फिलिपीन्स आपल्या नौकांवर पत्रकारांना नेऊन प्रत्येक अडवणुकीची चित्रफीत प्रसिद्ध करू लागला.

जुलै २०२४ मध्ये रसदीबाबत चीनशी तात्पुरती समजूत झाली. स्कारबरो शोलजवळचा दबाव मात्र चालूच राहिला. ११ ऑगस्ट २०२५ रोजी तेथे फिलिपिनो नौकेचा पाठलाग करताना चीनचे तटरक्षक जहाज आणि चीनचीच युद्धनौका एकमेकांवर आदळल्या. ती टक्करही फिलिपिनो कॅमेऱ्याने टिपली.