मुलाखतीनंतरचा प्रामाणिक संवाद : नियोक्त्याचे उत्तरदायित्व
(विशेष संदर्भ : कर्जत व खालापूर तालुके)

प्रस्तावना

रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे समुद्रकिनाऱ्यापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले तालुके होत. खोपोली परिसरातील कारखाने, पाताळगंगा औद्योगिक क्षेत्र, कर्जत-नेरळ भागातील पर्यटन व्यवसाय आणि मुंबईकडे जाणारी लोकल यांमुळे येथील तरुणांपुढे रोजगाराच्या अनेक वाटा आहेत. यांपैकी बहुतेक वाटांवर मुलाखतीचा टप्पा येतो आणि तिच्या शेवटी बहुधा एकच वाक्य उच्चारले जाते : 'आम्ही कळवू.' पुष्कळदा ते कळवणे घडतच नाही. निर्णय कळवणे हे सौजन्य नसून मुलाखतीचाच अविभाज्य भाग आहे, ही भूमिका प्रस्तुत लेखात स्पष्ट केली आहे.

मौनाची किंमत

मुलाखतीनंतरचे मौन तटस्थ नसते. नियोक्त्याला त्यासाठी काही खर्च येत नाही. किंमत उमेदवार मोजतो. तो दुसरीकडे अर्ज करणे लांबवतो आणि हातातील काम सोडावे की धरावे, या संभ्रमात राहतो.

या तालुक्यांतील कातकरी समाजाच्या संदर्भात ही बाब अधिक ठळक होते. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीच्या कामासाठी स्थलांतर करतात व पावसाळ्याच्या तोंडावर गावी परततात. भट्टीमालकाकडून उचल घेतली की संपूर्ण हंगाम बांधला जातो. अशा कुटुंबातील आयटीआय उत्तीर्ण तरुणाने आश्विनात एखाद्या कारखान्यात मुलाखत दिली आणि उत्तर आले नाही, तर त्याच्यापुढे पेच उभा राहतो. वाट पाहिली आणि नोकरी मिळाली नाही, तर हंगाम बुडतो. उचल घेऊन निघून गेल्यावर बोलावणे आले, तर नोकरी बुडते. आठ दिवसांत मिळालेला स्पष्ट नकारसुद्धा त्याला या मौनापेक्षा उपकारक ठरतो.

कायद्याची भूमिका

सार्वजनिक क्षेत्रातील भरतीबाबत न्यायालयांनी काही मर्यादा निश्चित केल्या आहेत. शंकरसन दाश खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये स्पष्ट केले की, निवड यादीत नाव आल्याने नेमणुकीचा हक्क निर्माण होत नाही; तथापि जागा न भरण्याचा निर्णय मनमानी असता कामा नये. भरती सुरू झाल्यावर, नियमांत तशी मुभा नसल्यास, निवडीचे निकष मध्येच बदलता येत नाहीत, असे घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितले. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४(१)(घ) नुसार प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना देणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. शासनाकडून भरीव अर्थसाहाय्य मिळणाऱ्या शिक्षणसंस्थाही या अधिनियमाच्या कक्षेत येतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ मधील निर्णयाने स्पष्ट झाले.

खाजगी नियोक्त्यावर मात्र मुलाखतीचा निकाल कळवण्याचे असे सर्वसाधारण बंधन भारतात नाही. इतरत्र चित्र बदलत आहे. दक्षिण कोरियात भरतीप्रक्रियेविषयीच्या कायद्याने निवड निश्चित होताच उमेदवारांना विनाविलंब कळवणे आवश्यक ठरवले आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात २५ वा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या नियोक्त्याने, जाहिरात दिलेल्या पदासाठी मुलाखत घेतलेल्या उमेदवारास निर्णय झाला की नाही हे ४५ दिवसांत कळवावे, असा नियम १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला आहे.

प्रामाणिक संवादाचे घटक

१) मुदत : निर्णय कोणत्या तारखेपर्यंत कळेल, हे मुलाखतीच्या वेळीच सांगावे. विलंब झाल्यास तोही कळवावा.

२) निर्णय : नकार निःसंदिग्ध असावा. 'पुढे पाहू' अशी भाषा खोटी आशा निर्माण करते.

३) कारण : ते पदाशी निगडित असावे. 'आपण योग्य वाटला नाहीत' यातून उमेदवाराला काहीच समजत नाही. 'वेल्डिंगच्या प्रात्यक्षिकात सांधा एकसारखा आला नाही' यातून त्याला सुधारणेची दिशा मिळते.

४) सत्यता : जागा अंतर्गत बदलीने भरली असेल अथवा रद्द झाली असेल, तर तसे सांगावे; उमेदवाराच्या पात्रतेवर दोष ढकलू नये. प्रतीक्षा यादीत नाव असल्यास त्याचा क्रमांक व यादीची मुदत कळवावी.

आक्षेप व त्यांचा विचार

उमेदवारांची संख्या मोठी असते, हा पहिला आक्षेप. परंतु येथे अपेक्षा प्रत्येक अर्जदाराबाबत नाही, केवळ मुलाखत दिलेल्यांबाबत आहे. त्यांना दोन ओळींचा संदेश पाठवणे अवघड नाही. कारण दिल्यास वाद उद्भवतील, हा दुसरा आक्षेप. वस्तुतः पूर्वनिश्चित निकषांनुसार लिहिलेले कारण नियोक्त्याचेच संरक्षण करते. संशय मौनातून वाढतो.

तिसरी अडचण सामाजिक आहे. लहान तालुक्यात मुलाखत घेणारा व देणारा यांच्यात ओळखीचा, नात्याचा किंवा शिफारशीचा धागा असतो. समोरासमोर 'नाही' म्हणण्याची भीड वाटते आणि नकार तिसऱ्याच व्यक्तीमार्फत उमेदवाराच्या कानी पडतो. लेखी कळवण्याची पद्धत रूढ झाल्यास नकार व्यक्तीचा न राहता प्रक्रियेचा होतो व ही भीड ओसरते.

महाविद्यालयांची भूमिका

महाविद्यालय हे स्वतः नियोक्ता आहे, याचे विस्मरण होऊ नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत निवड समितीने बैठकीच्या दिवशीच गुणांकन व शिफारस नोंदवून स्वाक्षऱ्या कराव्यात, अशी अपेक्षा ठेवण्यात आली. त्यानंतर मान्यतेसाठी काळ लागतो, हे खरे. परंतु 'शिफारस मान्यतेसाठी पाठवली आहे' एवढे तरी उमेदवाराला सांगता येते. तासिका तत्त्वावरील पदांसाठी दुरून येणारे नेट-सेट उत्तीर्ण उमेदवार एकाच वेळी अनेक महाविद्यालयांत मुलाखती देतात. त्यांच्यासाठी वेळेवर मिळालेले उत्तर म्हणजे हातातील शैक्षणिक वर्ष वाचणे होय.

परिसर मुलाखतींसाठी येणाऱ्या कंपन्यांकडूनही महाविद्यालयास एक अट लेखी मान्य करून घेता येईल : मुलाखत दिलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठरलेल्या तारखेपर्यंत निकाल कळवला जाईल.

समारोप

सर्वांना नोकरी देणे कोणत्याही नियोक्त्यास शक्य नाही. सर्वांना उत्तर देणे शक्य आहे. खाजगी क्षेत्रात कायद्याचे बंधन येईपर्यंत ही प्रथा स्वेच्छेनेच रुजवावी लागेल. तिचा प्रारंभ महाविद्यालयांनी स्वतःच्या निवड समित्यांपासून केल्यास कारखान्यांकडून तीच अपेक्षा करण्याचा नैतिक अधिकार त्यांना प्राप्त होईल.