पिवळा रंग शेवटी जातो

चिखलातला फोटो धुताना बोट कडेपासून फिरवायचं आणि चेहऱ्याशी आलं की थांबायचं. हे मी 2011च्या उन्हाळ्यात जपानमधल्या यामामोतोत शिकले.

11 मार्चला दुपारी 2 वाजून 46 मिनिटांनी 9.0 तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा मी सेंदाईत राहत होते. नळ कोरडे, गॅस बंद, बाहेर बर्फ. पण त्सुनामीचं पाणी आमच्या घरापर्यंत आलं नाही. दक्षिणेला किनाऱ्यावर, स्ट्रॉबेरीसाठी नावाजलेल्या यामामोतोत वस्त्याच्या वस्त्या वाहून गेल्या. ढिगारे उपसताना सापडलेले अल्बम तिथल्या लोकांनी फेकले नाहीत, जपून रचून ठेवले. त्यांचे मी आजही मनापासून आभार मानते.

रंगीत फोटोतले रंग जिलेटिनच्या थरांत असतात. चिखलातले जिवाणू हे जिलेटिन खातात. सगळ्यात वर निळसर थर, मधे किरमिजी, तळाशी पिवळा. म्हणून कड आधी तांबूस होते, मग पिवळी, मग कोरी. पिवळा दिसतोय तोवर हाती काहीतरी आहे, असं आम्ही एकमेकींना सांगत असू. पाणी गारच हवं, गरम पाण्यात जिलेटिन सुटतं. ट्रे, मऊ ब्रश, दोरी, कपड्यांचे चिमटे, एवढंच सामान. घरच्या प्रिंटरवर छापलेल्या फोटोंची शाई पाण्यात विरघळते, ते नुसते वाळवायचे.

रेल्वे यामामोतोत परतायला डिसेंबर 2016 उजाडला. रूळ समुद्रापासून आत सरकवले होते. तोवर कितीतरी कुटुंबं तात्पुरत्या घरांच्या दोन छोट्या खोल्यांत राहत होती. त्या खोल्यांत देव्हारा मांडायचा, तर गेलेल्या माणसाचा फोटो हवा. या आपत्तीत अडीच हजारांवर माणसं बेपत्ताच राहिली. त्यांच्या घरच्यांना अंत्यविधीलाही फोटोच हवा होता. मदतीच्या यादीत भांडी, पांघरुणं असतात. फोटो धुण्याचे ट्रेही असायला हवेत, असं मला तेव्हापासून वाटतं.

एक आजी तीन शनिवार येऊन अल्बम चाळत होत्या. चौथ्या शनिवारी दोरीवर त्यांना नवऱ्याचा फोटो दिसला. स्ट्रॉबेरीच्या हरितगृहाच्या दाराशी ते उभे होते. डावा खांदा पुसला गेला होता, चेहरा शाबूत होता. मी म्हटलं, "आजी, अजून ओला आहे."

त्यांनी खुर्ची ओढली आणि फोटो वाळेपर्यंत दोरीखाली बसून राहिल्या.