दाबा... आणि सोडाही!

टर्फवर मॅच रंगात आलीये आणि तुमचा मित्र अचानक कोसळतो. हाका मारल्या, खांदे हलवले, तरी प्रतिसाद नाही. श्वास थांबलाय, किंवा अधूनमधून नुसते आचके येतायत. हे आचके म्हणजे श्वास नव्हे! आजूबाजूला ‘पाणी मारा’, ‘कांदा हुंगवा’ सुरू होईल. त्यात वेळ घालवू नका. एकाला १०८ला फोन लावून स्पीकरवर ठेवायला सांगा, दुसऱ्याला एईडी मशीन शोधायला पिटाळा आणि तुम्ही सीपीआर सुरू करा.

‘सिनेमात पाहिलंय की!’ म्हणाल. पण तिथला नट कोपर वाकवून हलकेच दाबतो, कारण समोरच्याचं हृदय चालू असतं. इथे तसं चालणार नाही.

मित्राला कडक जमिनीवर उताणं ठेवा. छातीच्या मधोमध, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच ठेवा, त्यावर दुसरा हात. कोपर ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर. आता ताकद दंडातून नाही, कंबरेतून लावा. छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जायला हवी. वेग मिनिटाला १०० ते १२०. ‘स्टेइंग अलाइव्ह’ या गाण्याचा ठेका साधारण तेवढाच आहे.

आणि बहुतेकांचं चुकतं ते पुढे. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. सायकलचा पंप आठवा. दांडा वर ओढलाच नाही, तर हवा भरणार कशी? तसंच दाबल्यावर रक्त मेंदूकडे जातं, सोडल्यावर हृदय पुन्हा भरतं. दमलो की आपण नकळत छातीवर रेलतो आणि ते भरणंच थांबतं. म्हणून ‘मी ओके आहे रे’ म्हणत हिरोगिरी नको. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, पण ही अदलाबदल काही सेकंदांतच उरका. रुग्णवाहिका येईपर्यंत किंवा तो हालचाल करेपर्यंत थांबू नका.

बरगडी मोडली तर? मोडू शकते, पण ती जुळते. रक्ताविना राहिलेल्या मेंदूला मात्र काही मिनिटांतच कायमची इजा होऊ लागते.

सराव जिवंत मित्रावर कधीच नको. त्यासाठी पुतळा असतो. कॉलेजच्या एनएसएस किंवा एनसीसी युनिटला गाठा आणि प्रशिक्षणाचा आग्रह धरा. पुतळ्यावर सलग दोन मिनिटं दाबून बघा. घाम फुटेल. तो आत्ताच फुटलेला बरा!