चोराच्या हाती किल्ल्या

दारी आलेल्या अनोळखी माणसास नावगाव विचारल्यावाचून आपण घरात घेत नाही. मात्र वाटेत सापडलेला पेनड्राइव्ह आपण निःशंकपणे संगणकास जोडतो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी असे २९७ पेनड्राइव्ह मुद्दाम टाकून ठेवले होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार निदान ४५ टक्के पेनड्राइव्हमधील फाइली कोणी ना कोणी उघडल्या. विचारणा केल्यावर बहुतेकांनी सांगितले, की ज्याची वस्तू त्यास परत करावी एवढाच आपला हेतू होता. म्हणजे येथे घात होतो तो लोभापेक्षा सज्जनपणामुळे.

फाइलींतून विषाणू येतात, हे आता सर्वांस ठाऊक आहे. खरा धोका त्याहून खोल आहे. प्रत्येक यूएसबी उपकरणात एक चिमुकली चिप असते. जोडताक्षणी ती 'मी साठवणीचे साधन आहे' किंवा 'मी कळफलक आहे' अशी आपली ओळख सांगते आणि संगणक तीवर विश्वास ठेवतो. २०१४ साली कार्स्टेन नोल व याकोब लेल या संशोधकांनी दाखवून दिले, की या चिपमधील आज्ञावली बदलता येते. मग दिसायला पेनड्राइव्ह असलेली वस्तू स्वतःस कळफलक म्हणवते आणि जणू आपणच टंकलेखन करीत आहोत अशा थाटात काही क्षणांत संगणकास हुकूम सोडते. विषाणुरोधक प्रणाली फाइली तपासते. ही चिप सहसा तिच्या दृष्टीस पडत नाही. पेनड्राइव्ह 'फॉरमॅट' केल्यानेही ही आज्ञावली पुसली जात नाही. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणे ते हेच!

यावर उपाय साधे आहेत, पण ते नेमाने पाळावयास हवेत. बेवारशी पेनड्राइव्ह, कुतूहल म्हणूनही, जोडू नये. छपाईच्या दुकानात न्यावयाचा पेनड्राइव्ह वेगळा ठेवावा व त्यात नेमके हवे तेवढेच कागद घालावेत. शक्य तेथे ते ई-मेलनेच पाठवावेत. रोजच्या कामासाठी संगणकावर मर्यादित अधिकारांचे खाते वापरावे, म्हणजे घुसखोराचेही हात काहीसे बांधले जातात. जागेवरून उठताना पडदा कुलूपबंद करावा. बँकेची कागदपत्रे आणि वडीलधाऱ्यांची छायाचित्रे यांची दुसरी प्रत एखाद्या स्वतंत्र डिस्कवर घ्यावी, आणि काम होताच ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी.

घरातील मुलांसही हे समजावून सांगावे, असे आम्हांस आग्रहाने वाटते. पैसा गेला तर पुन्हा मिळवता येईल. आजोबांचे एकुलते एक छायाचित्र पुसले गेले, तर ते कोठून आणावे?