स्नायुबळ कोणाचें?

सुटींत आलेला नातू परवां ‘मसल कार’ हा शब्द बोलला, तेव्हां आम्हांस हसूं आलें. या ‘मसल’ शब्दाचें लॅटिन मूळ ‘लहान उंदीर’ असें असून आपल्या ‘मूषका’शीं त्याचें गोत्र जुळतें. रोमनांस दंडांत उंदीर दिसला, आपणांस बेडकुळी दिसली, इतकाच भेद!

अमेरिकेंत १९६४ सालीं पाँटियाक कंपनीनें मध्यम आकाराच्या मोटारींत ६.४ लिटरचें इंजिन घालून ‘जी.टी.ओ.’ काढली व तेव्हांपासून हा वर्ग रूढ झाला. भंडाऱ्यास असल्या गाड्या कोठून दिसणार? आमच्या वाड्यांत वाद चाले तो निराळाच: इंग्रजी कुळाची अँबॅसेडर श्रेष्ठ कीं इटालियन कुळाची फियाट?

अँबॅसेडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. उत्तरपाडा येथें हिंदुस्थान मोटर्सनें १९५० च्या दशकाच्या अखेरीस ती काढली. फियाट ११०० इटलींत १९५३ सालीं अवतरली व वालचंद हिराचंदांनीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून आपल्याकडे आली; पुढें तिचेंच ‘पद्मिनी’ असें नामकरण झालें. पहिलीचें इंजिन १४८९ घन सेंटिमीटरचें, दुसरीचें १०८९. पहिली अंगानें भारदस्त. दुसरी वजनानें हलकी व रुंदींत सुमारें वीतभर कमी. परवान्यांच्या त्या काळांत दोहोंसाठींही वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे.

आमचे थोरले काका अँबॅसेडरचे अभिमानी, तर मुंबईचे धाकटे काका फियाटचे. १९७८ च्या पावसाळ्यांत धाकटे काका आपली गाडी घेऊन घरीं आले असतां एके रात्रीं आजीच्या छातींत कळ आली. डॉक्टर राहत असत ते बाजारामागील बोळांत. तेथें फियाट शिरली आणि पाऊण तासाच्या आंत डॉक्टरांस घेऊन परतली. त्यांनीं तपासून सांगितलें, “ताबडतोब नागपूर.” तें साठेक किलोमीटर दूर, वर पाऊस! मग अँबॅसेडरच्या रुंद मागल्या बैठकीवर आजीस निजविलें, काकूंनीं तिचें डोकें मांडीवर घेतलें व थोरल्या काकांनीं गाडी हांकली. फियाट मागोमाग होतीच.

आजी बरी होऊन घरीं आली, त्या दिवशीं दोघे भाऊ पुन्हां तोच वाद घेऊन बसले. आजी अंथरुणावरूनच म्हणाली, “एकानें डॉक्टर आणला, एकानें मला नेलें. दोघांनाहि एकाच पंक्तीला वाढा, आणि आतां पुरे करा!” त्यापुढें ती सहा वर्षें जगली, तिच्यादेखत तो वाद पुन्हां निघाला नाहीं.

अँबॅसेडरची निर्मिति २०१४ सालीं थांबली. मुंबईच्या रस्त्यांवरील काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून टॅक्सी म्हणून निवृत्त झाली. आमचा वाडाहि आतां तीन ठिकाणीं वांटला गेला आहे, आणि प्रत्येकाच्या दारांत त्या दोहोंहून वेगवान गाडी उभी आहे. मात्र रात्रीं-अपरात्रीं प्रसंग पडल्यास एकाच हांकेसरशीं दोन गाड्या बाहेर निघतील काय, हा प्रश्न आम्हीं नातवास विचारला. तो कांहीं बोलला नाहीं. सायंकाळीं मात्र त्यानें आपल्या चुलतभावास फोन केल्याचें ऐकूं आलें.